पेंटरमामांचा चौदावा हात

पेंटरमामा कुठलीही पाटी आधी वाचत नसत, आधी तिच्यापासून लांब जात. रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहत, डोळे बारीक करत, अजून चार पावलं मागे सरकत आणि अक्षर पुसट व्हायला लागलं की थांबून म्हणत, "हितपतुर पोचती." माझ्या सेवा केंद्रात पहिल्यांदा आले तेव्हा कॉम्प्युटरच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. मी कुणाचा तरी ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरत होते आणि हे गृहस्थ मागे मागे सरकत थेट दाराबाहेर ओट्यावर. तिथून सरकारी साइटकडे बघत म्हणाले, "ही कुणी रंगवली गं? रंगवताना मालक उभा नव्हता वाटतं." रांगेतली माणसं हसली. मामा हसले नव्हते.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं भांडगाव, सासर शिरूरमधलं मांडवगण फराटा, मधे भीमा. मामा माहेरचे, म्हणून ते आले की मला उगाच बळ यायचं. सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांच्या, टायरवाल्यांच्या, खतांच्या दुकानांच्या पाट्या मी लहानपणापासून त्यांच्याच हातच्या पाहिलेल्या. मग फ्लेक्स आले. तासाभरात बारा पुढाऱ्यांच्या फोटोंसकट वाढदिवस छापून मिळायला लागल्यावर ब्रशला कोण विचारतो? पण मामांनी त्याचं रडगाणं गायलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांची मुलगी सुनंदा बीसीएस झाली, लग्न होऊन गेली, आणि तिच्या वह्या व जुना कॉम्प्युटर मागे राहिला. मामा त्या वह्या घेऊन बसले. दहावी नापास, पन्नाशी उलटलेला माणूस! गावानं टिंगल केली. मीही केली, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांनी त्यांनी 'पाटी' केली. 'पाटी' म्हणजे ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन. साइट सरकारचीच, पण आपल्या पडद्यावर तिचं रूप पालटायचं. अक्षरं मोठी व्हायची, वर सरकणाऱ्या सूचना आणि फोटो गायब व्हायचे, कोर्टकचेरीतल्या शब्दांच्या जागी आपले शब्द यायचे. 'सादर करा आणि पुढील टप्प्यावर जा' असल्या लांबलचक बटणावर नुसतं 'पुढं चला', आणि ते हिरवंगार. बाकीची बटणं राखाडी. भीमेच्या दोन्ही काठांवरच्या केंद्रवाल्यांनी ते लावून घेतलं. ज्या अर्जाला अर्धा तास लागायचा तो दहा मिनिटांत व्हायला लागला. आम्ही हळूहळू वाचायचंच सोडलं. हिरवं दिसलं की दाबायचं.

कॉम्प्युटर रंगाला सहा आकड्या-अक्षरांचं नाव देतो. मामांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या वहीत त्या सहा अक्षरांपुढे प्रत्येक रंगाचं खरं नाव लिहिलेलं असायचं : दसऱ्याचा झेंडू, ओली वीट, मेथी शिळी, मेथी ताजी. 'पुढं चला' हे बटण ताज्या मेथीचं होतं. एकदा मी म्हटलं, मामा, एवढा घोळ कशाला, हिरवा तो हिरवा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा त्या विषयात पडले नाही.

साइट बदलली की 'पाटी' बदलायला लागायची, कारण मामांचा रंग बटणाच्या जागेवर बसायचा. जागा हलली की रंग चुकीच्या ठिकाणी. सगळे त्याला अपडेट म्हणायचे, मामा हात म्हणायचे. भिंतीला पहिला हात, दुसरा हात देतात तसा. "आठवा हात झाला, टाक गं," असा फोन यायचा. प्रत्येक हाताबरोबर चार ओळी लिहून पाठवायचे, या खेपेला काय हललं, काय जपायचं. त्या चार ओळी माझ्याशिवाय एकाही केंद्रवाल्यानं वाचल्या असतील तर मी नाव बदलीन.

हात देण्याआधी ते माझ्या केंद्रात येऊन दिवसभर खुर्चीवर बसायचे. निमोण्याचा एक केंद्रवाला म्हणायचा, मामा, पोलीस असल्यासारखे बघत बसता तुम्ही. मामा म्हणायचे, "मानूस कुठं अडतंय ते बघाया लागतं. अडलेलं मानूस बोलत न्हाई, त्याचं बोट बोलतं." माझी सासू कधी केंद्रात आली नाही, पण या खुर्चीवरच्या माणसाला चहा मात्र न सांगता पाठवायची. एवढा एकच माझ्या माहेरचा मान त्या घरात राखला गेला.

आमचं एकदाच वाजलं. साइटवर बटण दाबलं की एक चौकट यायची, 'आपली खात्री आहे का?' दिवसातून शंभर वेळा तीच चौकट. रांग बाहेर ओट्यापर्यंत, आणि ही बया विचारतेय खात्री आहे का! मी मामांना म्हटलं, ती काढून टाका. ते नको म्हणाले. "इच्यारनारं कुनीतरी असावं गं. घरात बी असावं, कामात बी." मी हट्टाला पेटले. दौंडकडच्या केंद्रवाल्यांकडूनही त्यांना फोन करवले. शेवटी अकराव्या हातात त्यांनी ती चौकट लपवली आणि त्या चार ओळींत लिहिलं, 'आता विचारणारं कोणी नाही, तरी सर्वांनी स्वतः विचारावे.' मी ते वाचून हसले होते.

आता माझं सांगते. 'पाटी' ब्राउझरच्या ऑनलाइन दुकानात ठेवायला खातं लागायचं. मामांना आपलं नाव कुठं लावायची हौस नव्हती. "तू शिकलेली, तुझ्या नावावर टाक," म्हणाले. खातं माझं, त्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर. केंद्रवाल्यांचा ग्रुपही माझा. त्यावर पहाटेपासून गुलाबाची फुलं आणि सुविचार यायला लागले म्हणून मी वैतागून तो असा करून ठेवला होता की अॅडमिनशिवाय कुणालाच लिहिता येऊ नये. अॅडमिन मी एकटी, आणि मामांचा मोबाइल साधा, ते ग्रुपवर नव्हतेच. म्हणजे मामांच्या तोंडाला दोनच दारं होती, आणि दोन्हींच्या किल्ल्या माझ्या कमरेला.

त्या रविवारी साइट देखभालीसाठी बंद होती. दुपारी ती उघडली आणि मामांनी सवयीप्रमाणे पाहिली. बटणांच्या जागा बदलल्या होत्या. जिथे 'पुढे' होतं तिथे आता 'अर्ज मागे घ्या' आलं होतं. म्हणजे आमच्या पडद्यावर अर्ज रद्द करायचं बटण ताज्या मेथीसारखं हिरवं, त्यावर 'पुढं चला' लिहिलेलं, आणि विचारणारी चौकट लपलेली. मामांनी तीन तासांत चौदावा हात तयार करून मला पाठवला आणि फोन केला. मी दौंडला नणंदेच्या साखरपुड्यात होते. हो मामा, करते, म्हटलं. तासाभरानं पुन्हा फोन. "दुकानवाले तपासाया येळ लावत्यात, त्याचं न्हाई सांगता येत. पर ग्रुपवर तेवढं टाक, उद्या कुनी हात लावू नका म्हनून. आत्ता टाक." मी मेंदी लावून बसले होते. आजूबाजूला सगळ्या जावा, आणि त्यांत एकीनं विचारलं, कोण गं सारखं? मी म्हटलं, कोणी नाही, ते आमचे पेंटर. आणि फोन उलटा करून ठेवला. पुढचे दोन फोन मी पाहिलेसुद्धा नाहीत.

विसरले. एवढंच. कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं, वैर नव्हतं, काही नव्हतं. हळदी-मेंदीच्या हातानं घरी आले आणि झोपले. लोक मोठ्या चुकांना मोठी कारणं शोधतात, माझ्याकडे एवढंच आहे.

सोमवारी सकाळी अनुदानाच्या यादीत ज्यांचे नंबर लागले होते त्यांची कागदपत्रं चढवायची होती. काहींचा नंबर दोन-दोन वर्षांनी लागलेला. मी स्वतः सहा अर्ज रद्द केले तेव्हा कुठे सहाव्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज वाजला : 'आपण अर्ज मागे घेतला आहे.' तोवर शिरूरकडच्या सगळ्या केंद्रांत हेच झालं होतं. एकदा मागे घेतलेला अर्ज परत येत नाही, नव्यानं रांगेत शेवटी उभं राहायचं. दौंडकडे मात्र सगळे वाचले. का, तर ग्रुपवर काही आलं नाही हे तिकडच्या एकाला विचारून कळल्यावर मामांनी रविवारी संध्याकाळी आपल्याजवळ ज्यांचे नंबर होते त्यांना एकेक करून फोन लावले होते, आणि ते सगळे त्यांच्या तालुक्यातले. आमच्याकडच्यांचे नंबर त्यांच्याकडे नव्हतेच. त्यांच्यासाठी मी होते ना.

मग काय, तोच पुरावा झाला. पेंटरला आधीच माहीत होतं, त्यानं आपली माणसं वाचवली आणि नदीअलीकडची बुडवली. नदीच्या पाण्यावरून नाहीतरी दोन्ही काठ एकमेकांकडे डोळे वटारूनच असतात, त्यांना हे आयतं मिळालं. मंगळवारी देवळापुढच्या मंडपात लोक जमले. मामांना बोलावलं, ते आले. माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो, त्यांनी विचारलं की पेंटर, तुम्हाला रविवारीच ठाऊक होतं का. मामा म्हणाले, व्हय. मग आमच्याकडं कुणाला सांगितलं?

मी बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून उभी होते. नवरा समोर बसला होता. आदल्याच दिवशी तो म्हणाला होता, आपलं नाव यात आलं तर केंद्राचा परवाना जाईल, आणि घरात तू कुठल्या तोंडानं राहशील ते बघ. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी बोलेन म्हणून वाट पाहिली असावी, जेवढा वेळ माणूस कुणी पाणी देईल म्हणून थांबतो तेवढा. मी पायांच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"कुनालाच न्हाई," मामा म्हणाले. "रंग मी दिला, तवा चूक माझी."

त्यावर लोक जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. एकानं त्यांचा शर्ट धरला, आप्पांनी सोडवलं. मामा चपला शोधत होते तेव्हा कुणी त्यांना वाट दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, 'पाटी' दुकानातून काढून टाक म्हणाले, परत कुणाचं काही व्हायला नको. ते मात्र मी तिथल्या तिथं केलं. ओटीपी आला, टाकला, झालं.

पुढे ते कुरकुंभच्या एका कारखान्यात फरशीवर पिवळे पट्टे मारायला लागले. माल कुठून न्यायचा, माणसानं कुठून चालायचं, ते पट्टे. एकदा दौंडच्या स्टँडवर भेटले. नखांत पिवळा रंग. मी त्यांना कॅन्टीनमध्ये नेलं आणि रडत म्हटलं, मामा, मी सांगते सगळ्यांना, माझ्यामुळं झालं म्हणून. ते चहात बिस्कीट बुडवत होते.

"आता सांगून कुनाचा नंबर परत लागनार हाय? तुझं केंद्र जाईल, घरात तुला खात्याल. ऱ्हाऊ दे."

आणि मला हायसं वाटलं. शरम वाटायला हवी होती, ती नंतर आली. आधी हायसं वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण मामांनी बिस्कीट तसंच बशीत ठेवलं आणि गाडी लागली म्हणून उठले. गाडी लागलेली नव्हती. ती आमची शेवटची भेट.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. कामावरच छातीत कळ आली. दशक्रियेला मी भांडगावला गेले, शिरूरकडून आम्ही नवरा-बायको सोडून दुसरं कुणी आलं नव्हतं. आमच्याकडे दहाव्याला माईकवर श्रद्धांजली असते. एक जण म्हणाला, पेंटरच्या अक्षरानं हा रस्ता ओळखला जायचा. दुसरा म्हणाला, शेवटी एक डाग लागला, पण माणूस मनानं वाईट नव्हता. मी ठरवून आले होते. मोटरसायकलवर नवऱ्याच्या मागे बसून वाक्यंसुद्धा जुळवली होती. सूत्रसंचालकानं पुकारलं, मांडवगणच्या केंद्रचालिका, आपल्या गावची लेक, दोन शब्द बोलतील.

माईक हातात आला. समोर सुनंदा बसली होती, तिच्या शेजारी तिचा मुलगा. मागे माझा नवरा उभा होता, हाताची घडी घालून. मी म्हणाले, "मामांकडून एक चूक झाली. पण ती आता आपण सगळ्यांनी पोटात घालू या."

बऱ्याच माना हलल्या. मागून कुणीतरी 'बरोबर' म्हणालं. मी खाली बसले तशी सुनंदा उठून माझ्याजवळ आली आणि माझे दोन्ही हात धरून रडायला लागली.

"ताई, नदीपलीकडून तुम्हीच तेवढ्या आलात," ती म्हणाली. "एवढं सगळं होऊन माफ करायला मन मोठं लागतं."