दोघींची थीम

माझी मैत्रीण आणि मी कंपन्यांसाठी वेबसाइटच्या थीम बनवायचो. थीम म्हणजे तयार साचा. कंपनीने आपला लोगो, रंग, फोटो घालायचे, की साइट उभी. मोबाइल असो की मोठा स्क्रीन, पान आपोआप नीट बसलं पाहिजे, आणि खरी मेहनत त्या बसवण्यातच. कोड मी लिहायचे, गिऱ्हाइकांशी ती बोलायची. नवघरच्या आमच्या घरात, आईच्या शिलाई मशीनला खेटून टेबल टाकलं होतं. तिथे बसून दीड वर्ष आम्ही एकच थीम घडवली. ठरलं होतं, खाली दोघींची नावं येणार.

मैत्रीण पालीच्या कोळीवाड्यातली. एकदा तिच्या घरी मी थीम उघडून फोन तिच्या आईच्या हातात दिला. एका हातात मासळीची टोपली, दुसऱ्यात फोन.

"वर बोट पोचत न्हाय गो," ती म्हणाली.

घरी येऊन मी मेन्यू खाली आणला, अंगठ्याच्या टप्प्यात.

पुढे मैत्रिणीला नोकरी लागली. ती विचारायची, "कधी टाकायची गं विकायला?" मी म्हणायचे, "अजून थोडं करतेय." मग तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, कामात असेल.

एका दुपारी स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात मी नव्या साइटचं बोलायला गेले. शेठनी फोन पुढे केला, थीम विकणाऱ्या एका साइटवरचं पान उघडून. "मॅडम, बस ऐसा ही बना दो."

मेन्यू खाली होता. थीम विक्रीला होती आणि बनवणारी म्हणून मैत्रिणीचं नाव होतं. मी माझं नाव शोधत पान शेवटपर्यंत सरकवलं. दोनदा. मग लॅपटॉपवर त्याच पानाचा कोड उघडला. पानावर न दिसणारी, तिच्यासाठी मी कोडमध्ये लिहून ठेवलेली ओळ तशीच होती: 'हे हलवू नकोस, जेवून येते.' तिने ती पुसायचेही कष्ट घेतले नव्हते.

शेठना "कळवते" म्हणून मी तडक पालीला गेले. ती दारातच भेटली.

"माझं नाव कुठेय?"

तिने मान खाली घातली नाही. "तू ती कधी बाहेर काढली असतीस? जन्मभर अजून थोडं, अजून थोडं! आणि तो खालचा मेन्यू माझ्या आईमुळे सुचला तुला."

"मग आईचं नाव टाकायचंस."

आतून तिच्या आईने हाक मारली, "कोन हाय? आत तरी ये." मला ओलांडवेना तो उंबरा. मी परत फिरले.

जुन्या फायली, आमचे मेल, सगळं जोडून मी त्या विक्रीच्या साइटकडे तक्रार केली. काही आठवड्यांनी थीम विक्रीतून काढली गेली. तिचा एकच मेसेज आला: "झालं समाधान?"

नव्हतं झालं. दारात ती बोलली त्यातलं पहिलं वाक्य मला अजून खोडता आलेलं नाही. शेठची साइट मी अगदी कोऱ्या पानापासून, वेगळी बनवून दिली. ती थीम मात्र माझ्याच लॅपटॉपवर आहे. एकटीच्या नावाने टाकायला हात धजत नाही, आणि दुसरं नाव लिहवत नाही.