सायकलवर धुतलेले पाय

माझ्या सासऱ्यांनी माझी बायको वर्षभर माहेरी ठेवून घेतली होती. "मेंढरामागं फिरणाऱ्याच्या घरी माजी लेक धाडणार न्हाई. कायमची नोकरी धरा, मग न्यायला या," असं त्यांनी मला चारचौघांत सुनावलं. मीही काही कमी तापट नव्हतो. ताटावरून उठलो, तो पुन्हा त्या गावात पाऊल टाकलं नाही. राग माझा, ऐट माझी, आणि झुरत बसलेलाही मीच.

निजामाचं राज्य होतं. बीडच्या कचेरीनं सायकलींची शर्यत काढली, तीही एका दिवसाची नव्हे, तीन दिवसांची. पहिल्या दिवशी मांजरसुंब्याचा घाट चढून केज, दुसऱ्या दिवशी केजहून मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, आणि तिसऱ्या दिवशी तिथून परळी. तिन्ही दिवसांचा वेळ एकत्र मोजायचा आणि ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला तो जिंकला. जिंकणाऱ्याला सायकलवरून कचेरीचं टपाल पोचवायची कायमची नोकरी. 'कायमची' हा शब्द कानावर पडला आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

बीडच्या एका व्यापाऱ्याकडे मी लोकर पोचवायचो. त्याच्याच जुन्या सायकलवर पडत-झडत शिकलो होतो. तीच मागून आणली. आम्ही अकरा जण होतो, पण भीती एकाचीच होती. तो एका सायकल दुकानदाराचा पगारी गडी, त्याचं पोट शर्यतींवरच चालायचं. त्याची सायकल चकाकायची, माझी कुरकुरायची. केजच्या मुक्कामी त्यानं मला आपली अर्धी भाकरी दिली आणि म्हणाला, "आज पाय हायेत तवर शेठ पोसतो. पाय गेले की कोन इचारतंय? मला बी नोकरीच पायजे." त्याचा राग करावा तर करता येईना, आणि राग करता येत नाही याचाच मला राग आला.

मांजरसुंब्याच्या घाटात मी सगळ्यांना मागं टाकलं होतं. जन्मभर मेंढरामागं डोंगर चढलेले पाय ते. दुसऱ्या दिवशी सपाटीवर त्या पगारी गड्यानं बराच वेळ भरून काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी घड्याळवाले मुन्शी म्हणाले, "तूच पुढं हाय. पर लई न्हाई, तीन मिनटं."

परळीच्या वाटेवरच माझी सासरवाडी होती. सासरे आपल्याला बघून तोंड फिरवतील आणि आपण मुकाट्यानं निघून जाऊ, असं मी धरून चाललो होतो.

परळीच्या घाटाच्या उतारावर माझा ब्रेक धड लागेना, म्हणून जपून उतरावं लागलं. तो गडी सर्रकन पुढं गेला. घाट संपला, गाव दिसलं. भर रस्त्यात सासरे उभे होते. डोक्याला नवा फेटा, हातात पाण्यानं भरलेला तांब्या, शेजारी पाट मांडलेला. जावई सरकारी शर्यतीत पुढं आहे हे ऐकून त्यांचा वर्षाचा राग नेमका त्या सकाळी उतरला होता!

आमच्यात जावई दारावरून जाताना त्याचे पाय धुवायचे, त्याला पाटावर बसवायचं, गूळपाणी द्यायचं. तसाच पुढं गेला तर घराची नाचक्की. आणि एकदा बसला की घटकाभर तरी सुटका नाही. उतरलो तर नोकरी गेली, म्हणजे बायको गेली. नाही उतरलो तर सासऱ्यांची अब्रू गेली, म्हणजे बायको गेलीच.

"जावईबापू, उतरा! पाय धुवा!"

"मामा, शर्यत हाय!"

"शर्यत कुटं पळून चालली? उतरा आदी!"

सायकल हळू झाली. खरं सांगतो, मी उतरणारच होतो. तेवढ्यात गर्दीतून माझी बायको आली. पदर पार कपाळाखाली ओढलेला. तिनं बापाच्या हातातला तांब्या हिसकावला आणि माझ्या सायकलबरोबर धावत सुटली. पायडलवर माझा एक पाय वर जाई, एक खाली. जो पाय खाली येईल त्यावर ती पाणी ओतत होती. निम्मं पायांवर पडलं, निम्मं साखळीवर. तांब्या रिकामा झाला तशी ती थांबली आणि बापादेखत, गावादेखत ओरडली, "झालं पाय धुऊन! जावा आता!"

थोरामोठ्यांसमोर ती माझ्याशी त्याआधी कधी एक शब्द बोलली नव्हती. मागं सगळं गाव हसत होतं. मी वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं. मी ढसाढसा रडत पायडल मारत होतो.

परळीत तो गडी माझ्याआधी पोचला. हलगी त्याच्यासाठी वाजली. मी देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसलो. मुन्शींनी तीन दिवसांची बेरीज दोनदा केली, मग मला हाक मारली. "आज त्यो पयला. पर तीन दिवसांचा तू पयला. अर्ध्या मिनटानं."

त्या गड्यानं माझ्या पाठीत थाप मारली. माझ्या धोतराकडं बघून म्हणाला, "कशानं भिजलास रं?" मी सांगितलं. तो बराच वेळ हसला, मग म्हणाला, "मंग हारलो त्ये बराबर हाय."

दिवस मावळायच्या आत मी सासरवाडीला परत गेलो. दारात रीतसर उतरलो आणि पाय जुळवून उभा राहिलो. सासरे ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. साखळीचं काळं तेल अजून तसंच होतं.

"सकाळीच धुतलेत की. आता किती येळा धुवायचे?" म्हणाले, आणि आत तोंड करून हाक दिली, "पोरी, गाठुडं बांद."

ती तेव्हाच बाहेर आली. गाठोडं काखेत होतं. ते तिनं पहाटेच बांधून ठेवलं होतं.