चुंगा मेस्त्रींची जीभ

पेरूतल्या चिम्बोते बंदराच्या गोदीत एलिओदोरो चुंगा मेस्त्री पत्र्याला जीभ लावल्याशिवाय प्रायमरचा डबा कुणाला उघडू देत नसत. मासेमारी बंद झाली की लोखंडी बोटी वर ओढल्या जात. वाळूच्या माऱ्याने गंज उडवायचा, गोड्या पाण्याने पत्रा धुवायचा, आणि मग मेस्त्री ठिकठिकाणी चाटून बघत. खारट लागलं की पुन्हा धुवा! प्रायमरखाली मीठ राहिलं तर वर रंगाचे कितीही हात द्या, वर्षभरात फोड येतात आणि आतून पत्रा पोखरत जातो. लोक हसत. हसोत बापडे! तीस वर्षांत मेस्त्रींच्या हातची एकही बोट गंजून परत आली नव्हती.

पण यंदा तापातून उठले आणि तोंडाची चवच गेली. सांगणार कुणाला? सगळी पत त्या जिभेवर. चव गेलेला मेस्त्री गोदीत ठेवतो कोण?

केरेवालू तांडेलाची ‘मारिसोल’ ही बोट रंगाला आली होती. कोळ्यांचा संत सान पेद्रो याच्या सणाला त्याची मूर्ती समुद्रात फिरवायचा मान यंदा तिचा, आणि सण नऊ दिवसांवर. मेस्त्रींनी पत्रा चाटला, काहीच लागलं नाही, “मारा प्रायमर” म्हणाले. दुपारपर्यंत डावी बाजू प्रायमरने राखाडी झाली आणि मेस्त्री उरलेला पत्रा पुन्हा पुन्हा चाटून बघू लागले.

तेवढ्यात बायको सोइला जेवणाचा डबा घेऊन आली. मेस्त्रींनी तिला उजव्या, उघड्या बाजूला नेलं.

“सोइला, जरा इथं चाट.”

“डोकं फिरलं का तुझं? माशाचा रस्सा आणलाय, तो सोडून बोट चाटू?”

“चाट गं, हात जोडतो तुला.”

तिने चाटलं आणि ती थुंकली. “शी! नुसतं मीठ! तुला लागलं नाही?” मेस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. “अस्सं! म्हणून महिनाभर मुकाट जेवतोयस होय? दोनदा तर मी मीठच विसरले होते!”

पत्रा धुवायच्या टाकीचं पाणीच खारं निघालं. मेस्त्री तसेच तांडेलाकडे गेले.

“डावी बाजू पुन्हा खरवडावी लागेल. जिभेला चव नाही माझ्या, मी लपवलं.”

“सण चुकेल, मेस्त्री.”

“चुकेल.”

“आणि गप्प बसला असतात तर? मला कळलं असतं?”

“वर्षभर तरी नाही.”

तांडेलाने टोपी काढली. “या पत्र्याच्या आत माझे दोन मुलगे झोपतात. उपकार झाले तुमचे.”

सणाला मूर्ती दुसऱ्याच बोटीतून गेली. किनाऱ्यावर बँड वाजत होता आणि गोदीत केरेवालू मुलांसकट नव्याने आणलेल्या गोड्या पाण्याने ‘मारिसोल’ धूत होता. पत्रा सुकल्यावर सोइलाने चार जागी चाटून मान डोलावली. तांडेलाने ब्रश मेस्त्रींच्या हाती दिला.

“पहिला हात तुमचा. पुढल्या वर्षीही तुमचाच.”

हाकलून देतील म्हणून महिनाभर धड झोप नव्हती त्यांना. पत्र्याला कपाळ टेकून मेस्त्री ओक्साबोक्शी रडू लागले.

तांडेलाने डोळे पुसत त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं. “रडा, मेस्त्री, पोटभर रडा. पण जरा लांब! नाहीतर पत्रा पुन्हा धुवावा लागेल.”