आई शिर्डीला गेलीय

आईच्या दहाव्याच्या दिवशी मी माझ्या थोरल्या भावाला घरात ठेवून बाहेरून कडी लावली होती.

दादा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. जन्मापासूनच तो बुद्धीनं मागं राहिलेला. सर्टिफिकेटावर मतिमंद, गावात भोळा आणि पाठ वळली की येडा. बोलायचा तुटक. मोजता यायचं नाही, घड्याळ कळायचं नाही. वडील वारल्यावर आई आणि तो असे दोघंच आमच्या गावात राहायचे, घोडेगावच्या अलीकडं. मला सोनईत दिलेली. इथल्याच एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे आणि नवरा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. महिन्यातून एखादा रविवार मी माहेरी जायची, दादाला भेळ द्यायची, आईचं रडगाणं ऐकायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. दादाशी माझा संबंध एवढाच.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि आम्ही तिला नगरला नेलं. दादा शेजारच्या मावशींकडं राहिला. चौथ्या दिवशी पहाटे आई दवाखान्यातच मेली. चुलते म्हणाले, "बॉडी गावाकडं न्यायची कशाला, इथंच उरकून घेऊ." मी विचारलं, "आन् दादा?" चुलते म्हणाले, "त्याला काय कळतंय? उगी आरडाओरडा करील. अग्नी माझा पोरगा देईल." खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या दिवशी आणखी कुणाला सांभाळायचं बळ माझ्यात नव्हतं.

दुपारी गावात गेले तर दादा मावशींच्या ओट्यावर बसला होता. मला बघून उठला. माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"आई?"

मावशी पदर तोंडाला लावून आत गेल्या. दादा वाट बघत उभा होता. त्याच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. त्याची बटणं रोज आई लावायची.

"आई शिर्डीला गेलीय," मी म्हणाले.

शिर्डी का सुचली, मला सांगता येत नाही. आई वर्षातून एकदा जायची, परत यायची, येताना पेढे आणायची. दादाचा चेहरा मोकळा झाला. "बरं," म्हणाला आणि माझ्याबरोबर सोनईला यायला निघाला.

दहाव्याला त्याला आणू नका, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. मी त्याच्यापुढं टीव्ही लावून दिला, चपात्या झाकून ठेवल्या आणि कडी घातली. परत आले तर चपात्या तशाच होत्या आणि दादा दाराला पाठ लावून बसला होता. दार उघडलं तसा मागं कलंडला. दोन दिवसांनी चुलतभाऊ भेटायला आला. दादा त्याच्या तुळतुळीत डोक्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःच्या केसांवरून हात फिरवला.

त्यानंतर दोन महिने रोज संध्याकाळी मी कॉलेजातून आले की एकच प्रश्न असायचा.

"आई आली?"

"येईल."

मी हा शब्द किती सहज बोलायला लागले होते! भांडी घासताना, फोनवर बोलता बोलता, मागं वळूनही न बघता. येईल. दादा जेवताना शेजारी एक ताट मांडायचा. पहिले काही दिवस मी ते उचलून ठेवायची, पुढं पुढं तसंच राहू द्यायला लागले. दिवसभर त्याला करायला काही नव्हतं. दाराच्या पायरीवर बसून रस्ता बघायचा. शिंगणापूरचं दर्शन उरकून शिर्डीला जाणाऱ्या जीपा आमच्याच रस्त्यानं जातात. कोपऱ्यावर थांबून ड्रायव्हर ओरडतात, "शिर्डी, शिर्डी, शिर्डी!" तो आवाज मलाही रोज यायचा. माझ्या मात्र कधी डोक्यात आलं नाही.

एका मंगळवारी मी घरी आले तर पायरी रिकामी होती.

आधी गल्ली पाहिली, मग बाजारपेठ, मग नवऱ्यानं मोटरसायकलवर आमच्या गावापर्यंत चक्कर मारली. आईच्या घराला कुलूप तसंच होतं. अंधार पडल्यावर आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं वय विचारलं.

"चव्वेचाळीस? मंग हरवला कसा? मोठा माणूस हाय."

"डोक्यानं कमी आहे," मी म्हणाले. हे वाक्य दुसऱ्यांनी म्हटलं की आई भांडायला उठायची.

"अंगावर कपडे काय हुते?"

मला सांगता येईना. सकाळी मीच त्याला चहा दिला होता, त्याच्यासमोरून डबा घेऊन बाहेर पडले होते. सदरा पांढरा की निळा, काही केल्या आठवेना. हवालदार पेन धरून थांबला होता. शेवटी त्यानंच लिहिलं, "माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्यानं सांगितलं, "तुमचे भाऊ काल शिर्डीच्या जीपमधी बसले की. मला वाटलं, दर्शनाला निघालेत." म्हणजे आम्ही सगळीकडं शोधलं होतं, मी सांगितलं होतं ती एक जागा सोडून.

शिर्डीत त्या दिवशी गर्दी होती. आम्ही बसस्टँड पाहिला, प्रसादालय पाहिलं, लॉजच्या गल्ल्या पाहिल्या. मोबाईलवरचा फोटो दाखवून दाखवून दुपार झाली. शेवटी हार विकणारी एक बाई फोटो बघून म्हणाली, "हे व्हय? ते बघा ना, भिताडापाशी. कालधरनं तिथंच बसल्यात. लई सांगितलं, उठा म्हनलं. आई आत गेलीय म्हनत्यात. पानी पाजलं, वडापाव दिला, पन जागा सोडीनात."

दादा मंदिराच्या भिंतीला टेकून बसला होता. सदरा निळा होता. स्वतःच्या चपला काढून समोर नीट जोडून ठेवलेल्या. जवळ गेले तसा वास आला. जागा सोडायची नाही म्हणून तो लघवीलाही उठला नव्हता.

मला बघून हसला. "आई आत हाय," म्हणाला. "हितं बस म्हनली."

आणि मला कळलं. पूर्वी एकदा आई त्याला बरोबर घेऊन आली होती. रांगेत त्याला घुसमटायला लागलं, म्हणून तिनं त्याला चपलांजवळ बसवलं, इथून हलू नको म्हणाली आणि दर्शन घेऊन आली. ते दादाच्या ध्यानात होतं. त्याच्या हिशेबानं तो अगदी बरोबर वागत होता.

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"दादा, आई मेली."

"न्हाई. शिर्डीला गेली. तूच म्हनली."

"मी खोटं बोलले."

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. एखादं अवजड ओझं कुठून उचलावं, ते कळेना म्हणजे माणूस बघतो, तसा.

"मंग आत कोन हाय?"

त्याला आत नेऊनच दाखवायचं मी ठरवलं. नवरा जवळच्या दुकानातून पायजमा घेऊन आला, दादाला लॉजवर नेऊन अंघोळ घातली. मग आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो. दादानं माझा हात धरला नाही, नवऱ्याचा धरला. गर्दीत त्याचा श्वास जोरात चालला होता, पण तो पुढं सरकत राहिला. मूर्तीकडं त्यानं पाहिलंच नाही. तो बायका बघत होता. आईच्यासारखं हिरवं लुगडं दिसलं की टाचा उंच करून तोंड बघायचा. एका म्हातारीच्या तर खांद्याला हात लावला. ती दचकून वळली, आणि ती आई नव्हती.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "न्हाई."

परतीच्या गाडीत राहुरीजवळ दादानं नवऱ्याला विचारलं, "दाजी, आई मेली?"

माझा नवरा कमी बोलणारा माणूस. त्यानं दादाच्या मांडीवर हात ठेवला. "व्हय. मेली."

दादा रडायला लागला. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला, पण गाडी थांबवू का म्हणून विचारायचं त्याला सुचलं नाही आणि आम्हालाही नाही. मी जवळ सरकले तर दादानं कोपरानं मला बाजूला केलं.

तेव्हापासून माझा शब्द त्याच्याकडं चालत नाही. भात संपला म्हटलं तर पातेल्यात डोकावून बघतो. आज रविवार म्हटलं तर दाजींची वाट बघतो आणि त्यांना विचारतो.

काही महिन्यांनी सर्टिफिकेटच्या कामासाठी त्याला नगरला नेलं. तिथं एक बाई भेटल्या, मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मला हातानं थांबवलं आणि दादाकडं वळल्या.

"तुम्हाला काय करायला आवडतं?"

दादानं मागं वळून पाहिलं, कुणाशी बोलतात म्हणून. त्याला तुम्ही म्हणणारं माणूस तोवर आमच्या घराण्यात झालं नव्हतं. बाई थांबल्या. मला वाटलं आता मी बोलावं, पण त्यांनी पुन्हा हात वर केला. चांगली दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"बाजार," दादा म्हणाला. "म्हशी. पानी."

मला आठवलं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तो वर्षानुवर्षं दर आठवड्याला जायचा. विकायला आणलेल्या म्हशींना बादल्यांनी पाणी पाजायचा, व्यापारी चहा द्यायचे. मी त्याला सोनईला आणलं तेव्हा हे त्याच्या आयुष्यातून काढून घेतलं, आणि काही काढून घेतलं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. "गेली म्हणू नका, झोपली म्हणू नका, देवाघरी म्हणू नका," त्या म्हणाल्या. "जाणारं माणूस परत येतं, झोपलेलं उठतं. त्यांना तेच माहीत आहे. मेली म्हणा. शंभरदा विचारतील, शंभरदा तेच सांगा. आणि जिथं तिला जाळलं ती जागा दाखवा. उशीर झालाय, तरी दाखवा."

त्याच दिवशी दाखवली. स्मशानात दुपारी कुणी नव्हतं, एक म्हातारा कामगार तेवढा झाडत होता. दादानं चितेच्या लोखंडी सांगाड्याला बोट लावून पाहिलं.

"हितं?"

"हो. इथं आईला अग्नी दिला."

"भाजलं तिला?"

"नाही दादा. मेलेल्या माणसाला दुखत नाही."

त्यानं सवयीनं दाजींकडं बघायला मान वळवली. पण त्या दिवशी नवरा बरोबर नव्हता. दादा घुटमळला, मग त्या म्हाताऱ्याकडं गेला आणि त्याला विचारलं, "भाजतं का?"

म्हाताऱ्यानं झाडू थांबवला. "न्हाई भाऊ," म्हणाला. "मेल्यावर काय बी कळत न्हाई."

दादा मग तिथं कठड्यावर बसला. आम्ही तासभर बसलो असू. उठताना डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "माझे पन काढ." बाहेरच्या न्हाव्यानं त्याचं डोकं केलं. सात महिन्यांनी.

त्यानंतर नवरा बाजाराच्या दिवशी त्याला घोडेगावला सोडायला लागला. पहिल्यांदा मीही गेले. व्यापाऱ्यांनी त्याला लांबूनच ओळखलं. "आरं, हुतास कुठं? आई कशी हाय?"

"मेली," दादा म्हणाला.

प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला त्यानं तेच, त्याच आवाजात सांगितलं. लोक चपापायचे, माझ्याकडं बघायचे. मी मान हलवायची. मग तो बादली उचलायचा.

आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याला बटणं लावता येतात; मी शिकवली नाहीत, नवऱ्यानं शिकवली, आणि शिकायला आठ दिवसही लागले नाहीत. दुसरं ताट तो मांडत नाही. आईचं नाव काढत नाही. त्याला कळलं म्हणून तो विचारायचा थांबला, की मला विचारण्यात अर्थ नाही म्हणून, हे मला अजून माहीत नाही. आम्हा दोघांनंतर त्याला कुठं ठेवता येईल, याची चौकशी मी करत असते. शाळा अठरा वर्षांपर्यंत घेतात. मोठ्यांसाठी काय, असं विचारलं की समोरचे म्हणतात, "घरचं कुणी नाही का?"

गेल्या महिन्यात मला बरेच दिवस खोकला होता. एकदा रात्रीचं जेवण झाल्यावर मी आत स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होते आणि बाहेरच्या खोलीत दोघं बसले होते.

"दाजी, बाय मरनार?" दादानं विचारलं. मला तो बाय म्हणतो.

"न्हाई. खोकला हाय नुसता."

"मंग पुढं मरनार?"

नवरा म्हणाला, "मरनार. समदेच मरत्यात. पन आज न्हाई."

"तुमी पन?"

"मी पन."

मी नळ बंद केला. बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसावं असं फार वाटलं, पण मला कुणी काही विचारलं नव्हतं. दादाचा पुढचा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला.

"मंग मला कोन सांगनार?"