हत्तीच्या पोटातून

माती, शेण आणि तुरकाठ्यांचा हत्ती मी बांधला, यात विशेष काही नाही. विशेष हे, की तो पुरा झाला तेव्हा मी त्याच्या आत होतो.

आमची प्राजू नुकतीच एका शाळेत कलाशिक्षिका म्हणून लागली होती. मैदानात मातीचं मोठं शिल्प हवं, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि पोरीनं सांगून टाकलं, "पप्पा करतील. आमच्या आजोबांनी कुडाची घरं बांधलीत." मी जन्मभर चिंचोळीच्या कारखान्यात नट आवळले! पण पोरीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे मी ठरवलं. आधी अंगणात नमुन्याचा लहान हत्ती करायचा, रविवारी मॅडम येऊन बघणार. (लहान म्हणजे मी आत मावेन एवढा.)

वळसंगहून माझी आत्या काठ्यांचे भारे घेऊन आली आणि कूड विणायला बसली. मी चिखल तुडवला, बायकोनं शेण कालवलं. कूड आतूनही लिंपावा लागतो, असं आत्यानं सांगताच मी पाठीवरच्या फटीतून पोटात उतरलो आणि तिथून हुकूम सोडला, की डोळे सोडून एकही भोक राहता कामा नये!

राहिलं नाही. पोटात अंधार झाला तेव्हा लक्षात आलं, की माझी फटही विणून, लिंपून झाली आहे.

"म्या इचारलं व्हतं की, बाहीर येतूस का," आत्या म्हणाली. "पुरं झाल्याबिगर येत न्हाय म्हनलास."

म्हणालो होतो. आत्यानं विळा काढला, तेवढ्यात फाटकाशी मॅडमची स्कूटर थांबली. मी हत्तीच्या डोळ्यातून बजावलं, की काही झालं तरी हत्ती फुटता कामा नये. (बायकोला हे पटलं. मी आत असलो की मधे मधे बोलणार नाही, एवढंच तिचं म्हणणं.)

मॅडमनी सावकाश फेरी मारली. शेणाच्या वासानं जीव गुदमरत होता, पण मी हूं की चूं केलं नाही.

"म्हैस छान झालीय," मॅडम म्हणाल्या.

मी आत दातओठ खाल्ले. पोरीच्या शब्दासाठी म्हैस तर म्हैस!

"फक्त शेपूट तोंडाला का लावलंय?"

आता मात्र राहवेना. मी ताडकन उठलो आणि ओली पाठ फोडून डोकं बाहेर काढलं. "मॅडम, ती सोंड आहे!"

मॅडमनी घाबरून नमस्कार केला. माझे हात काठ्यांत अडकलेले, म्हणून मी नुसती मान डोलावली. त्या हिसक्यानं सोंड गळून पडली.

मॅडम दोन पावलं मागे सरल्या, नीट निरखून बघितलं आणि प्राजूला म्हणाल्या, "आता कशी बरोबर झाली! शाळेत अशीच म्हैस करा. फक्त वडिलांना बाहेर ठेवून."