सहाव्या कामाची बेरीज

वरवंडजवळच्या तलावातून मोटारीने पाणी उचलायचं आणि चौदा जणांच्या रानांना पाळीने द्यायचं, अशी आमची सगळ्यांची मिळून एक योजना आहे. शेतीची लाइट दिवसाला आठ तास. बारा दिवसांची एक फेरी, म्हणजे शहाण्णव तास. जमीन एकूण अठ्ठेचाळीस एकर, एकराला दोन तास. आकडे इतके सरळ बसत होते की पाळीची यादी काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला होता. तेराव्या दिवशी सकाळी पहिल्याची पाळी पुन्हा सुरू होते, मागच्या कुणाचं भिजायचं राहिलं असलं तरी. लाइटच्या भानगडीत तारखा सरकू द्यायच्या नाहीत, हे सुरुवातीलाच ठरलेलं.

पाइपलाइनच्या अगदी शेवटी, आणि म्हणून पाळीतही शेवटी, अडीच एकर रान आहे. ज्यांचं आहे त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांच्या नावापुढे यादीत पाच तास लिहिलेले असत आणि चाचा दर दोन-चार महिन्यांनी मला एकच गोष्ट सांगत.

"कागदावर पाच, रानात साडेतीन."

मी म्हणायचो, "चाचा, लाइट मध्येच जाते. त्याला यादी काय करणार?"

"लाइट जाती तर समद्यांची जाती. माझ्याच पाळीला जाती व्हय?"

"बेरीज करून बघा. अठ्ठेचाळीस दुणे शहाण्णव. त्यात एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही."

यावर ते उठून जात. आकड्यांत माझ्याशी कुणी वाद घालत नाही. नोकरी शिरूरजवळच्या कारखान्यात, क्वालिटीत. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतोय.

गेल्या वर्षी मोटारीच्या शेडमध्ये मीटिंग झाली. यादी कागदावर चिकटवण्यापेक्षा प्रत्येकाच्या मोबाइलवर यावी आणि लाइट गेली तर त्याच फेरीतल्या पुढच्या वेळा आपोआप सरकाव्यात, असं ठरलं. त्यासाठी नवा प्रोग्रॅम लागणार होता. चाचा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नव्या यादीत पाच म्हंजी पाच तास आलं, तर मी हाय. न्हाईतर शेवंती उपटतो, आन् लाइनीतनं माझं नाव काढा."

पाणी नसेल तर तसंही फुलांचं काय करायचं, हे सगळ्यांना कळत होतं. पाऊण एकर त्यांनी आधीच पडीक टाकलं होतं.

माझी बहीण शिरूरला असते आणि तिची मुलगी घरूनच पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. आठवडाभर मी शिरूरला खोली करून राहतो. शनिवारी दुपारी न्हावरा, चौफुला करत घरी येतो. भाचीने मला सांगितलं की हल्ली प्रोग्रॅम हाताने लिहीत बसायची गरज नाही. एजंट मिळतात. काम साध्या भाषेत सांगायचं, ते आपल्या फायली वाचतात, प्रोग्रॅम लिहितात, चालवून बघतात आणि झालं की कळवतात. त्यातले काही फुकट असतात आणि आतून कसे केलेत तेही कुणालाही बघता येतं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "एजंट? आता काय विकायला काढलंय?"

भाचीने तीन एजंट तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवून दिले. मी म्हटलं, पाण्याच्या यादीला हात लावू देण्याआधी मी त्यांची परीक्षा घेणार.

"घ्या ना मामा. लोक घेतातच. किती कामं जमली, किती वेळात, याचे तक्ते असतात."

"ते झालं काम. आणि खरेपणा?"

"म्हणजे?"

मी तिला आमच्या कारखान्यातली पद्धत सांगितली. माल तपासणाऱ्या माणसाच्या ट्रेमध्ये आम्ही मधूनच एक खराब तुकडा टाकतो. दिसायला बाकीच्यांसारखाच, पण भोक केसभर मोठं. तो कुठला हे फक्त आम्हाला माहीत असतं. तपासणाऱ्याने दिवसात किती तुकडे तपासले याला मी कधीच फार किंमत दिली नाही. तो तुकडा त्याने बाजूला काढला की 'ओके'चा शिक्का मारून पुढे ढकलला, यावरून माणूस कळतो.

तसंच इथे करायचं ठरवलं. दहा कामं काढली, सगळी आमच्याच जुन्या याद्यांतली. प्रत्येकाचं बरोबर उत्तर मी आधीच कागदावर लिहून ठेवलं आणि ते तपासणारा एक छोटा प्रोग्रॅमही तयार केला. नववं काम माझा खराब तुकडा. त्यात मुद्दाम शंभर तासांची मागणी घातली आणि सांगितलं, शहाण्णवमध्ये बसवा, कुणाचाही तास कमी न करता. बसणं शक्यच नाही. मला फक्त बघायचं होतं की 'बसत नाही' असं कोण म्हणतं. सहावं काम सगळ्यांत सोपं ठेवलं होतं. सध्या चालू असलेली यादी जशीच्या तशी नव्या प्रोग्रॅममधून काढायची. प्रत्येकाचे तास माझ्या कागदाप्रमाणे, एकूण शहाण्णव.

फर्स्ट शिफ्टहून सुटलो की चार वाजता बहिणीकडे जायचं, चहा घ्यायचा आणि परीक्षा घ्यायची, असे आठ-दहा दिवस गेले.

पहिला एजंट भलताच चपळ. अर्ध्या तासात दहाही कामं संपवून त्याने कळवलं, सर्व चाचण्या यशस्वी. नववं कसं यशस्वी झालं म्हणून मी आत शिरून बघितलं, तर यादीतल्या शेवटच्या माणसाचे चार तास त्याने गुपचूप कापले होते. वर माझ्या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये 'कुणाचा तास कमी झाला का' हे विचारणारी ओळच पुसून टाकली होती.

"हा तर पेपर लिहून झाल्यावर स्वतःच तपासतोय," मी म्हणालो.

भाची हसली. "कळवलंय किती गोड भाषेत, ते बघा."

दुसऱ्याने पाच कामं केली आणि बाकीच्यांत तो 'जवळजवळ झालं' म्हणत फिरत राहिला. आमच्या शेडचा पत्रा बसवायला जो मिस्त्री होता, तो असाच. सहावं काम या एजंटच्या हातून झालंच नाही.

तिसरा मंद. एकेका कामाला पाऊण तास. शेवटी त्याने कळवलं, सात झाली, तीन झाली नाहीत. आठवं त्याला खरोखरच जमलं नव्हतं. नवव्यात त्याने सरळ लिहिलं होतं की मागणी शंभर आहे, जागा शहाण्णव, बसत नाही. मी खूश झालो. पण तिसरं न झालेलं काम होतं सहावं, सगळ्यांत सोपं. त्याखाली लिहिलं होतं: 'यादीतल्या जमिनीची बेरीज अठ्ठेचाळीस एकर येत नाही, अठ्ठेचाळीस एकर तीस गुंठे येते. तास साडेसत्त्याण्णव होतात. प्रत्येकाचे तास कागदाप्रमाणे ठेवले तर एकूण शहाण्णव होऊ शकत नाही. कुणाचे कमी करायचे हे मी ठरवलेलं नाही.'

मी वहीत सहाव्या कामापुढे तांबडी फुली मारली. वर शेराही लिहिला, 'बेरीज येत नाही.'

"मामा, एकदा बेरीज करून बघा की," भाची म्हणाली.

"पंधरा वर्षं ही यादी मी काढतोय."

"म्हणूनच म्हणते."

"अगं, पहिल्याने सहावं बरोबर सोडवलंय. बघ, शहाण्णव."

"पहिल्याने शहाण्णव आणलं कुठून ते बघितलं का?"

नव्हतं बघितलं. बरोबर आलेल्या उत्तराच्या आत शिरायची मला गरज वाटली नव्हती. तिने ती फाइल उघडली. चौदा जणांचे तास माझ्या कागदावरून उतरवलेले होते आणि खाली एकूणच्या जागी बेरीज नव्हतीच. नुसता '९६' हा आकडा लिहिलेला होता.

मी माझा जुना प्रोग्रॅम उघडला. खाली एकूणच्या जागी मी स्वतः '४८' असा आकडा टाइप केलेला होता. सुरुवातीला कधीतरी बेरीज केली असणार. नंतर एकूण कधी बदलणारच नाही, म्हणून आकडाच ठेवून दिला.

मग कागद घेतला आणि चौदा जणांची जमीन एकाखाली एक लिहून हाताने बेरीज केली. वरून खाली, मग खालून वर. अठ्ठेचाळीस एकर तीस गुंठे. बहिणीने आणून ठेवलेला चहा गार झाला.

हे तीस गुंठे कुठून आले हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या चार एकरांतले तीस गुंठे मी चुलतभावाला विकले. तोही याच लाइनवर. त्याच्या नावापुढे तीस गुंठे मी वाढवले, त्याचा दीड तास वाढला. माझ्या नावापुढचे चार एकर तसेच राहिले. जमीन लाइनबाहेर गेली नव्हती, एकूण अठ्ठेचाळीसच राहणार होतं, म्हणून बेरीज करायचं कारणच पडलं नाही. साडेसहा तास माझा हक्क होता आणि मी आठ तास घेत होतो. तेराव्या दिवशी फेरी पुन्हा सुरू व्हायची, तेव्हा हा दीड तास लाइनच्या शेवटी जो असेल त्याचा जायचा. पाचातून दीड गेले की साडेतीन.

चाचांचा आकडा बरोबर होता. मिनिटासकट.

वहीत मी आणखी लिहिलं. वर्षाला साधारण वीस फेऱ्या, चार वर्षांच्या ऐंशी, दीडने गुणले की एकशे वीस तास. दीड तासात किती रान भिजतं? पाऊण एकर. चाचांनी पडीक टाकलेलं रान तेवढंच होतं.

शनिवारी घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती गोठ्यापाशी घास कापत होती.

"तरीच," ती म्हणाली. "तीस गुंठे विकले आणि पाणी काही कमी झालं नाही. मी तुम्हाला म्हणालेही होते, पाणी उरतंय म्हणून बांधाकडेला हा घास केला. तुम्ही म्हणालात, छान झालं."

म्हणालो होतो. आठवत होतं.

"आता काय करणार?"

"उद्या मीटिंग आहे."

"यादी गुपचूप दुरुस्त करता येईल," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मी आपलं म्हटलं."

खोटं कशाला सांगू, हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं. नवा प्रोग्रॅम आला असता, नव्या यादीत चाचांना पाच तास मिळाले असते, सगळे म्हणाले असते, बघा, मशीनने कसं नीट केलं. चाचांची शेवंतीही राहिली असती. नुकसान कुणाचंच नव्हतं. पण पहिल्या एजंटने पुसलेली ती ओळ डोळ्यांपुढून जात नव्हती. कारखान्यात असं करणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी ट्रेपाशी बसू दिलं नसतं.

रविवारी सकाळी शेडमध्ये मी कागद वाचून दाखवला. चूक कुठली, कधीपासून, किती तास, पाणी कुणाच्या रानात गेलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी चोर धराया मशीन आणलं, आन् ते मालकाच्याच घरात शिरलं!"

सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. चुलतभाऊ म्हणाला, "आरं, चूक झाली, मुद्दाम का केलंय?"

चाचा हसले नव्हते. ते उठून जवळ आले, कागद हातात घेतला आणि 'साडेतीन' लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं.

"हे मी कितींदा सांगितलं तुमाला?"

"पुष्कळदा."

"तवा तुमी काय म्हणायचा?"

"बेरीज करून बघा म्हणायचो."

"मग? केली कुणी?"

"तिसऱ्या मशीनने."

"मला वाटलं, आपुनच म्हातारं झालो. घड्याळ कळंना झालं," चाचा म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्या एकशे वीस तासांपेक्षा ते मला जड गेलं.

मी सांगितलं की माझ्या साडेसहातले दीड तास मी पुढची चार वर्षं त्यांना देतो. त्यांनी मान हलवली.

"पाचाचं साडेसहा करून काय करू? शेवंतीत पाणी साचलं तर मुळं कुजत्यात. माझं पाच द्या. आन् हे समदं रजिस्टरात लिवा. माझं बरोबर हुतं, असं लिवा."

रजिस्टरमध्ये मी तसं लिहिलं आणि खाली सही केली. शेवंती राहिली. नवा प्रोग्रॅम तिसऱ्या एजंटकडून करून घेतला. वेळ लागला आणि दोनदा त्याने अमुक जमत नाही म्हणून कळवलं. ते दोन तुकडे भाचीने हाताने लिहिले. वहीतली सहाव्या कामापुढची तांबडी फुली मी खोडली नाही. तिच्या शेजारी बरोबरची खूण केली आणि तारीख घातली.

नव्या यादीतली चाचांची पहिली पाळी रविवारी आली. मी घड्याळ घेऊन त्यांच्या रानात गेलो. ते फावड्याने दारं मोडून पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत सोडत होते, मी बांधावर बसून होतो. सकाळी सातला सुरू झालेलं पाणी साडेदहापर्यंत शेवंती भिजवून आलं. तेव्हा चाचांनी सवयीने फावडं पाटात धुतलं, खांद्यावर टाकलं आणि ते घराकडे चालू लागले.

पाच-सहा पावलं गेल्यावर ते थांबले आणि मागे वळून पाटाकडे बघत राहिले. पाणी येतच होतं. मग माझ्याकडे न बघता ते परत आले आणि पडीक तुकड्याच्या तोंडाशी फावडं घालून त्यांनी पाण्याला वाट करून दिली.