जोडीतला दुसरा

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातला आमचा जर्मन शेजारी शेवटच्या शब्दाआधी थांबतो. "आज कचऱ्याची गाडी..." म्हणून दोन्ही हात वर करतो आणि आपला जीव टांगणीला लागला की मग म्हणतो, "येणार नाही." तरुणपणापासून तो एका मित्राबरोबर ट्रान्स, म्हणजे यंत्रांवरचं नाचाचं संगीत, वाजवायचा. मध्येच ढोल बंद करून गर्दीला ताटकळत ठेवणं, हेच त्याचं काम. एकदा मित्रानं ढोल जरा लवकर सुरू केला, तेव्हापासून मित्र बर्लिनला आणि बोलणं बंद.

मिनीॲपलिसच्या कार्यक्रमालाही मित्र आला नाही. "तुझं टक्कल थेट त्याच्यासारखं आहे," म्हणत यानं मलाच शेजारी उभं केलं.

"अहो, तुम्हाला आरतीत टाळ्या जमत नाहीत!" बायको म्हणाली. पण मंचावरच्या धुरात कुणाला काही कळलं नाही. माझ्यापुढच्या यंत्राच्या बटणांना वायरच नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्यावर ओरडला, "ढोल लवकर का सुरू केलास?" त्याचे डोळे भरले होते. मला राहवलं नाही. "चुकलं माझं," मी म्हणालो. त्यानं मला घट्ट मिठी मारली. मला मात्र त्यानंतर धड झोप नाही. मी कोण दुसऱ्याच्या वतीनं माफी मागणारा?

परवा त्यानं माझ्यासमोरच बर्लिनला फोन लावला. "तुझी माफी पोचली."

"मी कधी मागितली?" स्पीकरवरून आवाज आला.

त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

"मी मागितली," मी एकदाचं सांगून टाकलं. "तुमच्या वतीनं."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "मग? केलं का त्यानं माफ?"